जुन्या हिऱ्यांची ओढ



कामगार संघटनेच्या माणसाला आपण हिऱ्यांवर बोलायला उभे केले, ह्याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटत असेल. वर्गणीच्या पावत्या फाडणे, गेटसभा घेणे, मालकाशी बोलणी करणे, एवढीच माझी विद्या. शाळेतले शिक्षण लवकर आटोपले. पुढचे जे काही झाले ते सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. हिरा अंगावर घालण्याचा प्रसंग आमच्या घरात कधी आला नाही. तरीही हा विषय मी आपण होऊन मागून घेतला. हिऱ्याच्या इतिहासाची पाने चाळताना मला त्यात कामगारांचा एक मोठा इतिहास सापडला, आणि जवाहिऱ्यांच्या देखण्या पुस्तकांत त्याला तळटिपेइतकीही जागा मिळत नाही, असे दिसले.

प्रश्न साधा आहे. आजचा नवा हिरा यंत्राने मोजून, आखून कापलेला असतो. दोन्ही बाजूंनी सारखा, लखलखीत, दोषरहित. जुन्या दागिन्यातला हिरा पाहावा तर त्याचा घेर नीट गोल नाही, पैलू लहानमोठे, बरोबर मध्ये एक ठिपका, आणि रंगात पुष्कळदा पिवळसर झाक. तरीदेखील जगभर लोक हे जुने दागिने शोधीत फिरतात. शंभर वर्षांहून जुना तो 'अँटिक', त्याच्या अलीकडचा पण एकदोन पिढ्या पाहिलेला तो 'व्हिंटेज', अशी व्यापाऱ्यांची ढोबळ वाटणी आहे. ह्या ओढीचे कारण व्यापाऱ्याला विचाराल तर तो म्हणेल, माल दुर्मिळ आहे. कोणी म्हणेल, त्याला राजेराण्यांच्या कथा चिकटलेल्या आहेत. अलीकडे आणखी एक उत्तर मिळते, की जुना हिरा घेतला म्हणजे नवी खाण खणावी लागत नाही. ही उत्तरे खोटी नव्हेत. परंतु दुर्मिळ तर जुन्या पावत्याही असतात, त्या कोणी गळ्यात घालत नाही. माझ्या मते खरी गोष्ट डोळ्यांना दिसते ती आहे. जुना हिरा वेगळा दिसतो. आणि तो वेगळा दिसतो, कारण तो माणसाच्या हाताने आणि वेगळ्याच उजेडासाठी घडला.

हे जरा उलगडून सांगितले पाहिजे. चांगला कच्चा हिरा पुष्कळदा आठ बाजूंचा असतो. दोन चौकोनी मनोरे तळाला तळ लावून जोडावेत तसा. त्याला हिऱ्यावाचून दुसरे काही कापू शकत नसे. तेव्हा जुन्या काळी कारागीर दोन काठ्या घेई, प्रत्येकीच्या टोकाला लाखेसारख्या लुकणाने एकेक हिरा बसवी, आणि एका पेटीवर हात टेकून हिऱ्यावर हिरा घाशीत बसे. दिवस दिवस. खाली पडणारी पूड पेटीत साचे. ती फेकून द्यायची नसे, कारण पुढचे सारे काम तिच्यावरच चाले. पैलू पाडणारा ती पूड ऑलिव्हच्या तेलात कालवून बिडाच्या सपाट चाकाला लावी आणि फिरत्या चाकावर हिरा टेकवी. हिरा धरण्यासाठी तांब्याच्या दांड्याची एक वाटी असे. तिच्यात शिसे आणि कथील ह्यांचा रस भरून, तो मऊ असतानाच हिरा त्यात रोवायचा. एक पैलू झाला की रस पुन्हा तापवायचा, हिरा फिरवून पुन्हा रोवायचा. हे काम करणारा कामगार निराळा असे आणि तो तापलेला रस उघड्या बोटांनीच चापूनचोपून बसवी. त्याच्या अंगठ्याची कातडी कशी झाली असेल, हे कारखान्यात काम केलेल्यांना सांगायला नको.

हिरा करवतीने कापण्याची यंत्रे विसाव्या शतकाच्या तोंडावर आली. त्यापूर्वी वरचे टोक सपाट करायचे तर ते घासून घासून पूड करण्यावाचून गत्यंतर नसे. मोलाचा माल असा डोळ्यांदेखत पूड होताना कोणाला बघवेल? म्हणून कारागीर जेवढे राखता येईल तेवढे राखी. त्यामुळे हिऱ्याचा माथा उंच राही, वरचा सपाट भाग लहान राही, खालचे टोक किंचित कापलेले राही, आणि घेर मूळ स्फटिकाप्रमाणे चौकोनाकडे झुकलेला राही. ह्याच घडणीला पुढे व्यापाऱ्यांनी 'ओल्ड माइन कट' असे नाव दिले. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पाव भागात घेर घासण्याची यंत्रे आली, हिरा गोल झाला, आणि त्या घडणीस 'ओल्ड युरोपियन' म्हणू लागले. दोहोंतही वरून पाहिले असता मधोमध जो ठिपका दिसतो तो म्हणजे ते खालचे कापलेले टोक. डोळ्यातल्या बाहुलीसारखा तो दिसतो. नव्या हिऱ्याला ही बाहुली नसते.

आता उजेडाचे पाहा. हे हिरे घडले तेव्हा घरात समया, मेणबत्त्या, फार तर तेलाचे दिवे. ज्योत हलते. जुन्या हिऱ्याचे पैलू मोठे असल्यामुळे त्या हलत्या उजेडात त्यातून मोठ्या, संथ, रंगीत झळका निघतात. आजच्या दुकानातल्या पांढऱ्या झगझगाटात तो नव्या हिऱ्यापुढे मलूल वाटतो ह्यात आश्चर्य नाही. तो उजेड त्याच्या ओळखीचाच नाही. केपकडच्या हिऱ्याची पिवळी झाकही मेणबत्तीच्या पिवळ्या उजेडात विरून जाते. ज्यांना पडताळा पाहायचा असेल त्यांची सोय आमच्या वीज कंपन्या अधूनमधून करीतच असतात.

आपल्याकडची रीत ह्याहूनही निराळी होती. हिऱ्याचे वजन म्हणजेच हिऱ्याचे मोल, असा आमच्या रत्नपारख्यांचा दंडक. स्फटिकाच्या मूळ बाजूंनाच घासून चकाकी आणायची, दोष झाकण्यापुरते बारीक पैलू पाडायचे, आणि चपटे हिरे मागे चकचकीत वर्ख घालून कुंदनाच्या कोंदणात बसवायचे. आमच्या तन्मणीच्या खोडात असे हिरे जडवीत. तो हिरा झगमगत नाही. पाण्यावर उजेड पडावा तसा दिसतो. हिऱ्याला 'पाणी' असते असे म्हणणाऱ्या भाषेने हिरा कसा पाहिला असेल, ते त्या एका शब्दावरून कळते.

हे काम करणाऱ्यांना काय मिळे? ताव्हेर्निये नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या सतराव्या शतकात गोवळकोंड्याच्या मुलखात वारंवार आला. कोल्लूरच्या खाणीवर त्याने स्त्रिया आणि मुले धरून ६० हजार माणसे राबत असल्याचे लिहून ठेवले आहे. दुसऱ्या एका खाणीवरच्या जाणत्या कामगाराला वर्षाकाठी ३ होन मिळतात, असेही तो नोंदवतो. दिल्लीच्या दरबारातला एक किस्सा त्यानेच दिला आहे. होर्तेन्सिओ बोर्जिओ नावाच्या व्हेनिसच्या कारागिराने एक थोरला हिरा घासता घासता फार लहान केला. बादशहाने त्याला मजुरी तर दिली नाहीच, उलट १० हजार रुपये दंड केला; त्याच्याजवळ अधिक असते तर अधिकही घेतला असता. काम बिघडले तर मजुरी कापण्याची प्रथा कारखानदारांनी शोधून काढली, अशी माझी आजवर समजूत होती. ती त्यांच्याही आधीची निघाली!

युरोपीय लोकांना आमची घडण अडाणीपणाची वाटे. पंजाब खालसा झाल्यावर १८५० साली कोहिनूर मुंबईच्या बंदरातून विलायतेला रवाना झाला आणि १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात मांडला गेला. गर्दी लोटली, पण पाहणारे हिरमुसले होऊन परतू लागले. त्याच्याभोवती गॅसचे दिवे लावून पाहिले, तरी तो त्यांच्या मनासारखा चमकेना. मग १८५२ साली ॲमस्टरडॅमच्या कोस्टरच्या कारखान्यातून कारागीर आणले, वाफेच्या यंत्रावर चाक बसवले, ड्यूक ऑफ वेलिंग्टनने पहिला स्पर्श केला, आणि ३८ दिवसांत ८ हजार पौंड खर्चून कोहिनूरला नवे रूप दिले. जुन्या मापाने १८६ कॅरटचा हिरा १०६ कॅरटच्या आत आला. चाळीस टक्क्यांहून अधिक हिरा पूड होऊन गेला. आणि त्याबरोबर आमच्या कोणा कारागिराने वजन राखण्यासाठी जी अक्कल वेचली होती तीही गेली. कोहिनूर परत मिळावा म्हणून आपल्याकडे अधूनमधून भाषणे होतात. परंतु लाहोराहून गेलेला तो हिरा आता कोणाच्याच तिजोरीत नाही.

आपल्या अधिक जवळचे उदाहरण द्यायचे तर नासिकच्या हिऱ्याचे. 'नास्साक डायमंड' ह्या नावाने तो जगाला ठाऊक आहे. त्र्यंबकेश्वराच्या देवालयात तो होता, असे परंपरा सांगते. १८१८ साली पेशवाई बुडाली तेव्हा तो कंपनी सरकारच्या हाती लागला आणि लंडनमध्ये रंडेल अँड ब्रिज ह्या पेढीला विकला गेला. सुमारे ९० कॅरटचा तो हिरा त्यांनी पुन्हा घासून ८० च्या आसपास आणला. १८३७ साली वेस्टमिन्स्टरच्या मार्क्विसने तो आपल्या तलवारीच्या मुठीत बसवला. पुढे १९२७ साली तो अमेरिकेत नेला गेला तेव्हा मोठी मौजेची तक्रार निघाली. आणणारा जवाहिऱ्या म्हणाला, ही शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू आहे, हिच्यावर जकात नाही. प्रतिस्पर्धी म्हणाला, हा नुसता दागिन्यात घालायचा खडा आहे, जकात घ्या. प्रकरण कोर्टात गेले. हिरा स्वतः तर कोट्यवधी वर्षांचा. त्याचे वय मोजायचे कशावरून? माणसाच्या हाताने पाडलेल्या पैलूंवरूनच. म्हणजे जुना हिरा म्हणजे जुना खडा नव्हे, जुने काम, ही गोष्ट जकातवाल्यांच्या भांडणातसुद्धा वर आली. तरी १९४० साली न्यूयॉर्कच्या हॅरी विन्स्टनने तो पुन्हा घासला. आज त्याचे वजन ४३.३८ कॅरट आहे. पाच कॅरटचा एक ग्रॅम होतो, म्हणजे हे नऊ ग्रॅमही नाहीत.

हिंदुस्थानच्या खाणी उतरणीला लागल्यावर ब्राझीलने जगाला हिरे पुरवले आणि ते गुलामांच्या हातांनी पुरवले. १८५३ साली तिथे एका गुलाम स्त्रीला एक प्रचंड हिरा सापडला. त्याचे नाव 'स्टार ऑफ द साउथ', म्हणजे दक्षिणतारा. त्याला ॲमस्टरडॅममध्ये कोस्टरच्याच कारखान्यात पैलू पाडले, तो सुमारे १२८ कॅरटचा झाला, आणि १८६७ च्या सुमारास बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांच्या जामदारखान्यात येऊन पडला. एका मराठी राजाच्या हारातला तो हिरा. विकत घेणाऱ्याचे नाव आपल्याला ठाऊक असते, कारखान्याचे ठाऊक असते. ती बाई मात्र हिऱ्याच्या पुस्तकांत बहुधा 'एक गुलाम स्त्री' एवढीच असते.

१८६७ पासून दक्षिण आफ्रिकेत हिरे सापडू लागले आणि सगळे गणितच पालटले. किंबर्लीच्या खाणी १८७१ मध्ये उघडल्या. १८८८ पर्यंत त्या डी बिअर्स कंपनीच्या मुठीत गेल्या. आफ्रिकी मजुरांना करार संपेपर्यंत कुंपणबंद आवारांत कोंडून ठेवीत आणि सोडताना त्यांच्या अंगाची झडती घेत. आज जे जुने दागिने आपण कौतुकाने पाहतो त्यांतले बहुसंख्य ह्या काळानंतरचे आहेत, कारण ह्यानंतरच हिरा राजवाड्यातून वकील-डॉक्टरांच्या घरी आला. त्यातला खडा किंबर्लीचा असतो. हात कोणाचा, ते आता सांगतो. मला खरे बोलायचे आहे ते ह्या हातांविषयी.

हे हात ॲमस्टरडॅमचे. त्या शहरात शतकाच्या अखेरीस १० हजारांच्या आसपास हिरेकामगार होते आणि त्यांत ज्यू बहुसंख्य होते. इतर धंद्यांच्या श्रेणींनी ज्यूंना दारे बंद केली होती. हिऱ्याचा धंदा उघडा राहिला. पूर्वी चाक फिरवायला बायका असत, मग घोडे आले, १८४० नंतर वाफ आली. आफ्रिकेचा माल येऊ लागला तेव्हा कसबी हात थोडे आणि दगड फार, अशी अवस्था झाली. मजुरी भराभर वाढली. ह्या पाचसहा वर्षांना तिथे 'केपचे दिवस' म्हणत, आणि कामगार नोटा पेटवून चिरूट शिलगावीत, अशा गप्पा पुढच्या पिढ्या ऐकत राहिल्या. पण सुगी पाहून जो तो पोराला ह्या धंद्यात घालू लागला, हात फार झाले, मजुरी कोसळली. कामगार तर एकमेकांपासून फुटलेले. हिरा फोडणारा स्वतःला सरदार समजे, पैलू पाडणारा त्याच्या खाली, बारीक 'रोझ' खडे घासणाऱ्या बायका सर्वांच्या खाली. त्यात पुन्हा ज्यू वेगळे, ख्रिस्ती वेगळे. आपल्या देशात हे चित्र समजावून सांगावे लागत नाही.

१८९४ च्या नोव्हेंबरात संप झाला आणि त्या संपातून सर्व पोटधंद्यांची, ज्यू आणि ख्रिस्ती, पुरुष आणि स्त्रिया अशा सर्वांची एक संघटना उभी राहिली. तिचा अध्यक्ष हेन्री पोलाक हा स्वतः पैलू पाडणारा कामगार. वय अवघे सव्वीस. त्याने पहिली गोष्ट काय केली असेल, तर वर्गणी चांगली घसघशीत ठेवली. (वर्गणी म्हटले की आमच्याकडची मंडळी आधी खिसा चाचपतात आणि मग वर आढ्याकडे बघतात, असो.) संपाचा निधी भक्कम, हिशेब चोख, पगारी कार्यकर्ते, स्वतःचे साप्ताहिक. ब्रिटनमधल्या कामगार संघटनांचा वेब दांपत्याने लिहिलेला इतिहास पोलाकने डच भाषेत आणला. १९११ साली ह्या संघटनेने आठ तासांचा दिवस मिळवला. हॉलंडमध्ये तो मान तिचा पहिला.

ह्या माणसांना सुंदर वस्तूंची चाड होती. संघटनेची कचेरी बांधायची ठरली तेव्हा त्यांनी बेर्लाग ह्या त्या काळच्या अग्रगण्य वास्तुशिल्पकाराला बोलावले, आणि १९०० साली विटांचा एक असा वाडा उभा राहिला की लोक त्याला 'किल्ला' म्हणू लागले. आत ग्रंथालय, भिंतींवर चित्रे. दिवसभर दुसऱ्यांच्या बायकांसाठी हिरे घासणाऱ्यांनी निदान संध्याकाळी तरी चांगल्या जिन्यावरून चढावे, असा त्यात विचार होता. कोंदट कारखान्यांत क्षयाचा सुळसुळाट असे. तेव्हा १९०५ साली पोलाकचा सहकारी यान फान झुटफेन ह्याने एक युक्ती काढली. मघाशी मी हिरा धरण्याच्या वाटीचा तांब्याचा दांडा सांगितला. तो वाकून वाकून तुटे आणि तुकडे फेकले जात. ते तुकडे गोळा करायचे, विकायचे, आणि पैसे क्षयरोग्यांसाठी ठेवायचे. त्या फंडाचे नावच 'तांब्याच्या दांड्यांचा फंड'. त्यातून हिल्व्हर्सम गावाजवळच्या माळावर १९२८ साली 'झोनेस्ट्राल', म्हणजे सूर्यकिरण, हे आरोग्यधाम उघडले. काचेच्या भिंतींची ती शुभ्र इमारत पाहायला आजही वास्तुविद्येचे विद्यार्थी जगभरातून येतात. मोडक्या तांब्याच्या काड्यांतून उभे राहिलेले दुसरे रुग्णालय माझ्या वाचनात नाही.

त्यानंतर दोन गोष्टी घडल्या. पहिली, १९१९ साली मार्सेल टोल्कोव्स्की ह्या, अँटवर्पच्या हिरेकाम करणाऱ्या घराण्यातल्या तरुण अभियंत्याने हिऱ्याचे कोन किती अंशांचे असावेत ह्याचे गणित मांडणारे पुस्तक काढले. बोस्टनच्या हेन्री मोर्सने आपल्या कारखान्यात चाळीसएक वर्षे आधी नजरेने आणि अनुभवाने जवळजवळ तेच साधले होते, पण पुस्तक झाले म्हणजे नियम होतो. गणित बरोबरच आहे. त्या कोनांनी हिरा विजेच्या उजेडात अधिक झळकतो. परंतु मग प्रत्येक हिरा एकाच साच्यातला होऊ लागला, आणि जुने हिरे कोंदणातून काढून नव्या मापाला घासण्याची लाट आली. दुसरी गोष्ट फार भयंकर. १९४० च्या मे महिन्यात जर्मनांनी हॉलंड घेतले. १९४१ च्या फेब्रुवारीत ज्यूंच्या धरपकडीविरुद्ध ॲमस्टरडॅमच्या कामगारांनी सार्वत्रिक संप केला. संप मोडला गेला. हिरेकामगारांचे कसब हवे म्हणून त्यांपैकी काहींना जर्मनांनी काही काळ सूट दिली, आणि मग त्यांनाही गाड्यांत घातले. हॉलंडमधल्या सुमारे १ लाख ४० हजार ज्यूंपैकी १ लाखाहून अधिक मारले गेले. पोलाक १९४३ च्या फेब्रुवारीत वारला. लढाई संपल्यावर तो वाडा उभा होता. ज्यांच्या वर्गणीतून तो उभा राहिला त्यांची घरे रिकामी होती.

म्हणून 'जुनी घडण आता होत नाही' असे जवाहिऱ्या गोड आवाजात म्हणतो तेव्हा मला ते अपुरे वाटते. ती का होत नाही, हेही त्याने सांगावे.

जुने दागिने मोडण्याचे पाप एकट्या धनिकांचे नाही. १८८७ साली फ्रान्सच्या प्रजासत्ताकाने राजघराण्याचे जवाहीर लिलावात काढले. राजा परत यायला नको तर मुकुट कशाला ठेवायचा, हा विचार मला तत्त्वतः मान्य आहे. परंतु घेणारे व्यापारी होते. पुष्कळ दागिन्यांचे खडे निखळून दुसरीकडे गेले. युजेनी राणीसाठी १८५५ साली घडवलेली हिऱ्यांची एक मोठी गाठ जगभर फिरून २००८ साली पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात परत आली. आणि १९ ऑक्टोबर २०२५ रोजी भरदिवसा चोरीस गेली. बातमी आली तेव्हा जाणकारांना पहिली धास्ती एकच वाटली, चोर ती मोडतील आणि खडे पुन्हा घासतील. चोरांनी जे करू नये असे वाटते, ते खरेदीदार उजळ माथ्याने करतात. २००८ सालीच 'विटेल्सबाख' हा हिंदुस्थानातल्या खाणीचा जुना निळा हिरा १ कोटी ६४ लाख पौंडांना विकला गेला. घेणाऱ्या लॉरेन्स ग्राफने तो घासून ३५.५६ वरून ३१.०६ कॅरटवर आणला, कडांवरचे शतकांचे टवके घालवले आणि रंगाची प्रत वाढवून घेतली. संग्रहालयांतल्या मंडळींनी पुष्कळ आरडाओरडा केला. पैशाच्या बाजाराने केला नाही.

आज जगातल्या दर दहा हिऱ्यांपैकी नऊ आपल्या देशात, मुख्यतः सुरतेला, घडतात. कामगाराला तिथे 'रत्नकलाकार' म्हणतात आणि मजुरी नगावर देतात. नावात कला आहे, हजेरीपटावर पुष्कळदा नावच नाही. हिरा कुठे कापायचा हे आता संगणक ठरवतो, कापतो लेसर. प्रयोगशाळेत वाढवलेला हिराही निघाला आहे आणि त्याने नव्या मालाचे भाव खाली ओढले आहेत. मंदी येते तेव्हा घंटी, म्हणजे ते फिरते चाक, पहिल्यांदा थांबते ती ह्याच माणसांची. गंमत अशी की आता नव्या हिऱ्यांना मुद्दाम जुना घाट देतात. मधला तो ठिपकासुद्धा मापून पाडतात. जुन्या कारागिराने जे नाइलाजाने सोडले, ते नवा कारागीर हुकमाने करतो. तोही कसबी आहे. त्याच्या मजुरीचा दर कोणी वाढवील तर मी त्या नव्या जुन्या हिऱ्यालाही नमस्कार करीन.

राहता राहिले आपले घर. आपल्याकडे दागिना सराफाकडे नेला की 'मोड' म्हणून जातो. सोन्याचे वजन, त्यातली घट, खड्याची किंमत केली तर केली, घडणावळ शून्य. घेताना जी घडणावळ आपण रुपया रुपया घासाघीस करून दिली, ती मोडताना हिशेबातून नाहीशी होते, जणू काम कोणी केलेच नव्हते. तिकडे जुन्या दागिन्यांचा जो बाजार आहे तो नेमका ह्या घडणावळीला पैसे मोजतो. अडचणीत माणसाला मोडावेच लागते, हे मी जाणतो. लांबलेल्या संपात घराघरांतले मंगळसूत्रही सावकाराच्या पेटीत जाते. परंतु अडचण नसताना, केवळ जुनाट दिसते म्हणून आजीची कुडी मोडून नवी चमकी करायला कोणी निघाले असेल, तर त्याने आधी एवढे करावे. सराफाकडून भिंग मागून घ्यावे, खडा कोंदणातून काढू देऊ नये, आणि दुकानातले दिवे टाळून दाराशी, दिवसाच्या उजेडात तो वरून पाहावा. मधोमध बारीक बाहुली दिसली, पैलू थोडे वाकडे दिसले, तर तो वजनकाट्यावर ठेवण्यापूर्वी कुडी परत खिशात घालावी.